धागा : मॅमोग्रामवरची पांढरी खूण, बर्लिनपासून सेवाग्रामपर्यंत

१/३०
सेवाग्राम म्हटले की डोळ्यांपुढे बापूकुटी उभी राहते. त्याच गावात, आश्रमापासून जवळच, कस्तुरबा रुग्णालय आहे. तेथील क्ष-किरण विभागात काळ्या-पांढऱ्या छटांचे एक चित्र वाचले जाते. त्याचे नाव मॅमोग्राम. आजचा धागा या चित्राच्या इतिहासाचा आहे. स्तनाचा कर्करोग त्यात कसा दिसतो, तो नीट ओळखण्यास जगाला जवळजवळ अर्धे शतक का लागले, आणि वर्धा जिल्ह्यातील स्त्रीपर्यंत हे ज्ञान पोहोचताना वाट नेमकी कोठे अडते, हे क्रमाने पाहू.

२/३०
आरंभ एका शब्दापासून करू. कर्क म्हणजे खेकडा. ग्रीक वैद्यांनी या रोगाला खेकड्याचेच नाव दिले होते. दुसऱ्या शतकातील वैद्य गॅलेन याने स्तनावरील गाठीभोवती फुगलेल्या शिरा पाहिल्या आणि त्याला खेकड्याच्या शरीरापासून चहूकडे पसरलेले पाय आठवले. आपला ‘कर्करोग’ हा शब्दही त्याच प्रतिमेचा वारसदार आहे. हा खेकडा लक्षात ठेवावा. पुढे तो एका अनपेक्षित ठिकाणी पुन्हा भेटणार आहे.

३/३०
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत वैद्याजवळ दोनच साधने होती : डोळे आणि बोटे. गाठ बोटांना लागेपर्यंत रोगाचा मुक्काम शरीरात बराच काळ झालेला असे. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि जिवंत शरीराच्या आत डोकावणे प्रथमच शक्य झाले. मोडलेली हाडे, शरीरात रुतलेल्या गोळ्या, गिळलेली नाणी हे सारे काही महिन्यांतच दिसू लागले. स्तन मात्र या नव्या दृष्टीला दाद देईना.

४/३०
कारण साधे आहे. हाड क्ष-किरणांना मोठ्या प्रमाणात अडवते, म्हणून ते पांढरे उमटते. स्तनात हाड नसते. चरबी, दूध तयार करणाऱ्या ग्रंथी, नलिका आणि त्यांना धरून ठेवणारे तंतू हे सारे मऊ, आणि किरणांना जवळजवळ सारखेच अडवणारे. त्या काळच्या यंत्रातून स्तनाचे चित्र काढले तर धुके उमटे. कर्करोगाची गाठ आणि भोवतीची निरोगी ग्रंथी यांतील फरक इतका सूक्ष्म की तो टिपण्यासाठी यंत्रही वेगळे लागणार होते आणि नजरही वेगळी.

५/३०
ती नजर प्रथम लाभली बर्लिनच्या एका शल्यचिकित्सकाला. त्यांचे नाव आल्बर्ट सालोमोन. शस्त्रक्रियेने काढलेले सुमारे ३००० स्तन त्यांनी क्ष-किरणांखाली ठेवले, चित्रे घेतली, मग तेच ऊतक चिरून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि दोन्ही नोंदी शेजारी शेजारी मांडल्या. १९१३ साली हे काम प्रसिद्ध झाले. छाया आणि मांस यांची अशी ओळीने जुळवणी त्यापूर्वी कोणी केली नव्हती. मॅमोग्राफीचा इतिहास येथून सुरू होतो असे मानतात.

६/३०
सालोमोन यांना काय दिसले? एक, सर्व कर्करोग सारखे दिसत नाहीत : काही भोवताली तंतू फेकत पसरतात, काही आटोपशीर गोळ्यासारखे वाढतात. दोन, गाठीपासून काखेतील लसिकाग्रंथींकडे रोग कसा सरकतो त्याचा माग. तीन, काही चित्रांत अतिशय बारीक पांढरे ठिपके. हे ठिपके म्हणजे कॅल्शियमच्या क्षारांचे कण होते. पुढे ज्या खुणेने हजारो स्त्रियांचे प्राण वाचणार होते, ती त्यांच्या चित्रांत उमटली होती. तिचे पूर्ण महत्त्व मात्र त्या वेळी कोणाच्याच ध्यानी आले नाही.

७/३०
हे काम पुढे का सरकले नाही? सालोमोन ज्यू होते. १९३३ साली नाझी सत्तेवर आले आणि त्यांचे पद गेले. १९३८ मध्ये त्यांना झाक्सनहाउझेनच्या छळछावणीत डांबण्यात आले. तेथून सुटल्यावर ते नेदरलँड्सला गेले आणि लपून राहून युद्धातून वाचले. त्यांची कन्या शार्लोट सालोमोन ही चित्रकार होती. १९४३ साली ऑशविट्झ येथे तिची हत्या झाली. आज तिची चित्रे जगप्रसिद्ध आहेत. वडिलांच्या तीन हजार चित्रांची आठवण मात्र वैद्यकाबाहेर फारशी कोणी काढत नाही.

८/३०
दरम्यान अमेरिकेत रॉचेस्टर येथील स्टॅफर्ड वॉरन यांनी १९३० साली जिवंत स्त्रियांच्या स्तनांची क्ष-किरण चित्रे प्रसिद्ध केली. म्हणजे शस्त्रक्रियेच्या आधीच आत काय आहे याचा अंदाज बांधता येऊ लागला. तरी अडचण कायम होती. एका रुग्णालयात चित्र स्पष्ट येई, तर दुसरीकडे तीच पद्धत वापरूनही धुकेच हाती लागे. जे दुसऱ्याला जसेच्या तसे करून दाखवता येत नाही, त्यावर वैद्यक विश्वास ठेवत नाही. त्यामुळे बहुतेक डॉक्टरांनी या तंत्राकडे पाठ फिरवली.

९/३०
पुढचे पाऊल पडले दक्षिण अमेरिकेत. उरुग्वेच्या माँटेव्हिडिओ शहरात राउल लेबोर्न यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९५१ मधील लेखात दोन गोष्टी ठामपणे मांडल्या. पहिली, स्तन नीट दाबून चित्र घेतले तरच ते वाचण्याजोगे येते. दुसरी, सुमारे ३० टक्के कर्करोगांत कॅल्शियमचे बारीक कण दिसतात. मिठाचे कण सांडावेत तसे. सालोमोन यांच्या चित्रांतील त्या ठिपक्यांना अखेर अर्थ मिळाला.

१०/३०
दाबण्याचे प्रयोजन समजून घेणे आवश्यक आहे, कारण आजही अनेक स्त्रिया याच गोष्टीला भितात. दोन पट्ट्यांमध्ये स्तन काही क्षण सपाट केला जातो. त्यामुळे एकमेकांवर आलेले थर पसरतात आणि त्यांआड दडलेली गाठ उघडी पडते. जाडी घटल्याने किरणोत्सर्ग कमी लागतो. आणि हालचाल न झाल्याने बारीक कण पुसट होत नाहीत. दाबाने थोडे दुखते, पण त्याने कर्करोग होत नाही आणि असलेला पसरतही नाही.

११/३०
१९६० साली ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयातील रॉबर्ट एगन यांनी एक हजार तपासण्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. कमी व्होल्टेज, अधिक विद्युत्प्रवाह आणि उद्योगधंद्यांत वापरली जाणारी बारीक कणांची फिल्म, असे त्यांचे सूत्र होते. त्याहून मोलाचे म्हणजे ही पद्धत दुसऱ्यांना शिकवता येत होती आणि तिकडेही तसेच निकाल येत होते. मॅमोग्राफी ही एखाद्या कुशल डॉक्टराची करामत न राहता सर्वांची विद्या झाली ती येथून.

१२/३०
१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधील स्ट्रासबुर्गचे शार्ल ग्रो यांनी केवळ स्तनासाठी यंत्र घडवले. त्यात नेहमीच्या टंगस्टनऐवजी मॉलिब्डेनम धातू वापरला होता. त्यातून निघणारे सौम्य किरण चरबी आणि ग्रंथी यांतील नाजूक फरक उठावदार करतात. छातीच्या एक्स-रेसाठी सुमारे १०० किलोव्होल्ट वा त्याहून अधिक दाब लागतो. मॅमोग्रामसाठी तीसच्या आसपास पुरतो. फिल्मच्या जागी आज संगणकाचा पडदा आला, २००० साली अमेरिकेत पहिल्या डिजिटल यंत्राला मान्यता मिळाली. पण मूळ तत्त्व तेच राहिले.

१३/३०
आता चित्रच वाचू. प्रत्येक स्तनाची सहसा दोन चित्रे घेतात : एक वरून खाली, दुसरे तिरपे, ज्यात काखेचा भागही येतो. चरबी काळपट करडी दिसते. ग्रंथी आणि तंतू पांढरे दिसतात. आणि कर्करोगही पांढराच दिसतो. या साऱ्या विद्येतील अवघड जागा हीच आहे : पांढऱ्यावर पांढरे शोधायचे असते. म्हणून क्ष-किरणतज्ज्ञ डावे व उजवे चित्र आरशातील प्रतिबिंबांप्रमाणे समोरासमोर ठेवतो. एका बाजूला आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, अशा जागेवर नजर प्रथम थांबते.

१४/३०
पहिली खूण : गाठ. गाठ दिसताच प्रश्न येतो तिच्या काठाचा. गोल किंवा अंडाकृती, पेन्सिलीने रेखल्यासारखा स्वच्छ काठ असेल तर ती बहुधा निरुपद्रवी असते. पाण्याची गाठ, किंवा तरुण स्त्रियांत वारंवार आढळणारी फायब्रोअॅडिनोमा नावाची गाठ. काठ पुसट, ओबडधोबड, भोवतीच्या ऊतकात मिसळलेला असेल तर संशय वाढतो. निरुपद्रवी गाठ शेजाऱ्यांना बाजूला सारून जागा करते. कर्करोग शेजाऱ्यांच्या घरात शिरतो. काठ पाहायचा तो यासाठी.

१५/३०
आणि सर्वांत संशयास्पद काठ कोणता? मध्ये घट्ट पांढरा गाभा आणि त्यातून चहूकडे निघालेल्या बारीक काटेरी रेषा. हाच तो खेकडा. गॅलेनला जो त्वचेवर दिसला तो आता स्तनाच्या आत, बोटांना लागण्याआधी दिसू लागला. या रेषा म्हणजे गाठीभोवती आक्रसलेले तंतू आणि काही ठिकाणी स्वतः पसरत चाललेला रोग. शस्त्रक्रियेचा जुना व्रण किंवा काही निरुपद्रवी बदलही असे दिसू शकतात. म्हणून सुईने तुकडा काढून तपासल्याशिवाय शेवटचा शब्द उच्चारला जात नाही.

१६/३०
दुसरी खूण : कॅल्शियमचे कण. सर्व कण वाईट नसतात. जुन्या फायब्रोअॅडिनोमात मक्याच्या लाह्यांसारखे मोठे कण दिसतात. वयस्क स्त्रियांच्या रक्तवाहिन्यांत रुळांसारख्या दोन समांतर रेषा दिसतात. हे निर्धोक. संशय येतो तो अर्ध्या मिलिमीटरहून लहान, वेगवेगळ्या आकारांच्या, एका जागी गोळा झालेल्या किंवा दुधाच्या नलिकेच्या वळणाने रांगेत पसरलेल्या कणांचा. आहारातील कॅल्शियम, त्याच्या गोळ्या किंवा पानाचा चुना यांचा या कणांशी काही संबंध नाही.

१७/३०
या कणांचे मोल असे की रोग नलिकेच्या भिंतीआत कोंडलेला असतानाच ते पुष्कळदा दिसतात. त्या अवस्थेत गाठ नसते, दुखणे नसते, बोटांना काहीही लागत नाही. उपचाराने पूर्ण बरे होण्याची शक्यता तेव्हा सर्वाधिक असते. येथे एक दुसरी बाजूही नोंदवायला हवी. असे काही रोग आयुष्यभर नलिकेतच राहिले असते आणि त्या स्त्रीला कधीच त्रास झाला नसता. कोणता पुढे जाईल आणि कोणता थांबेल हे आधी खात्रीने सांगता येत नाही, म्हणून काही स्त्रियांवर अनावश्यक उपचार होतात.

१८/३०
तिसरी खूण सर्वांत फसवी : रचनेतील ओढ. गाठ दिसत नाही, कण दिसत नाहीत, पण नेहमी स्तनाग्राकडे वाहणाऱ्या रेषा एखाद्या अदृश्य बिंदूकडे खेचल्या गेलेल्या दिसतात; कापडाला मध्येच टाका पडून भोवती चुण्या याव्यात तशा. काही प्रकारचे कर्करोग गाठ न करता असेच रांगेने पसरतात. ही ओढ ओळखण्यासाठी वर्षानुवर्षांचा सराव लागतो, आणि जुने मॅमोग्राम हाताशी असतील तर काम पुष्कळ सोपे होते. म्हणून जुनी चित्रे जपून ठेवावीत.

१९/३०
आता मर्यादा. तरुण स्त्रीच्या स्तनात ग्रंथी दाट असतात आणि चित्र जवळजवळ पूर्ण पांढरे येते. धुक्यात पांढरी गाय शोधावी तसे. तपासणीसाठी काढलेल्या मॅमोग्रामांत पाचांपैकी सुमारे एक कर्करोग निसटतो असे मानले जाते. भारतात हा रोग पाश्चात्त्य देशांच्या तुलनेने साधारण दशकभर आधीच्या वयात आढळतो, म्हणून ही मर्यादा आपल्याला अधिक बोचते. तरुण वयात सोनोग्राफी अधिक उपयोगी पडते. यातून निघणारा नियम असा : हाताला गाठ लागत असेल तर मॅमोग्राम स्वच्छ आला तरी तपास थांबवायचा नाही.

२०/३०
चित्र वाचणाऱ्यांची भाषा एक असावी म्हणून अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने १९९३ साली बायरॅड्स ही श्रेणी प्रसिद्ध केली. आपल्याकडील अहवालांतही तीच असते. ० : आणखी तपासण्या हव्यात. १ : काही आढळले नाही. २ : निरुपद्रवी. ३ : बहुधा निरुपद्रवी, काही महिन्यांनी पुन्हा पाहू. ४ : संशयास्पद, सुईतपासणी करावी. ५ : कर्करोगाची शक्यता ९५ टक्के वा अधिक. ६ : निदान आधीच सिद्ध. ‘०’ म्हणजे सारे ठीक आणि ‘४’ म्हणजे चौथी पायरी, हे दोन्ही समज चुकीचे आहेत.

२१/३०
चित्र दिसले, पण त्याने जीव वाचतो का? हे पाहण्यासाठी १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये फिलिप स्ट्रॅक्स, सॅम शपायरो आणि लुई व्हेनेट यांनी ४० ते ६४ वयाच्या सुमारे ६२,००० स्त्रियांची चाचणी सुरू केली. स्ट्रॅक्स यांची पत्नी याच रोगाने तरुणपणी गेली होती. निम्म्या स्त्रियांना दरवर्षी मॅमोग्राम आणि डॉक्टरांच्या हातची तपासणी मिळाली. दहा वर्षांनी त्या गटात स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी भरले. त्या तपासण्यांत सापडलेल्या कर्करोगांपैकी जवळजवळ निम्मे केवळ हाताने सापडले होते, तर केवळ मॅमोग्रामने सुमारे एक तृतीयांश.

२२/३०
हा शेवटचा आकडा पुढे मागे पडला. १९८५ मध्ये स्वीडनच्या दोन प्रांतांतील चाचणीने केवळ मॅमोग्रामच्या बळावर मृत्यू सुमारे ३१ टक्क्यांनी घटल्याचे दाखवले आणि श्रीमंत देशांत राष्ट्रीय कार्यक्रम उभे राहिले. उलट १९८० मध्ये कॅनडात सुरू झालेल्या सुमारे ९०,००० स्त्रियांच्या चाचणीत, २५ वर्षांनंतरही, मॅमोग्रामने मृत्यू घटल्याचे दिसले नाही. त्या चाचणीच्या चित्रांच्या दर्जावर आणि गट पाडण्याच्या रीतीवर टीकाही झाली. वाद अजून मिटलेला नाही. पण या साऱ्या चाचण्या अशा समाजांतल्या, जेथे गाठ हाती लागलेली स्त्री लवकरच डॉक्टरांकडे पोहोचते. आपल्याकडचे चित्र वेगळे आहे.

२३/३०
ते चित्र समजले ते मोजणीमुळे, आणि या मोजणीत महाराष्ट्र अग्रेसर राहिला. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत देशातील पहिली लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे पहिली ग्रामीण नोंदणी आली. आणि या शतकाच्या दुसऱ्या दशकात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात वर्धा जिल्ह्याची नोंदणी सामील झाली. म्हणजे आर्वी-आष्टीपासून हिंगणघाट-समुद्रपूरपर्यंत प्रत्येक कर्करुग्णाची नोंद ठेवायची.

२४/३०
हे काम सेवाग्रामने हाती घ्यावे यात एक संगती आहे. कस्तुरबांचे निधन फेब्रुवारी १९४४ मध्ये झाले. त्यानंतर गांधीजींच्या सहकारी आणि वैद्य डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला स्त्रिया व मुले यांच्यासाठी लहानसे रुग्णालय उभारले, तेच कस्तुरबा रुग्णालय. १९६२ ते १९६७ या काळात त्या केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांनी येथेच महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन केली. विद्यार्थ्यांनी खेड्यात जाऊन राहावे हा शिक्षणाचाच भाग ठरला. पुढे गावकऱ्यांनी ज्वारीच्या रूपात वर्गणी द्यावी आणि उपचार घ्यावेत अशी आरोग्यविम्याची योजनाही येथे रुजली.

२५/३०
याच संस्थेतील डॉक्टरांनी स्तनाचा कर्करोग झालेल्या २१२ स्त्रियांचा अभ्यास केला. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. प्रश्न सरळ होता : लक्षण जाणवल्यापासून डॉक्टरांपर्यंत येण्यास किती काळ गेला? सुमारे निम्म्या स्त्रियांच्या बाबतीत हा काळ तीन महिन्यांहून अधिक निघाला. येथे यंत्राच्या अभावाची गोष्ट नाही. जिल्ह्यात सेवाग्रामला आणि सावंगीलाही वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. ज्या वाटेत हे तीन महिने हरवतात ती घरापासून दवाखान्याच्या दारापर्यंतची आहे.

२६/३०
या वाटेत काय काय आडवे येते हे विदर्भातील कोणत्याही घराला सांगायला नको. गाठ दुखत नाही, म्हणून ती साधी वाटते. प्रत्यक्षात कर्करोगाची गाठ सुरुवातीस बहुधा दुखत नाहीच. कापसाची वेचणी आटोपू दे, मुलीचे लग्न पार पडू दे, मग पाहू. पुरुष डॉक्टरासमोर कसे जावे हा संकोच. स्तन काढतील ही धास्ती. आणि घरात सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईने आपले दुखणेही सर्वांत शेवटी सांगायचे, ही न लिहिलेली रीत. अशा उशिरानंतर काढलेल्या चित्रात त्वचा जाडावलेली, स्तनाग्र आत ओढलेले आणि काखेत मोठ्या ग्रंथी दिसतात. ते ओळखण्यासाठी तज्ज्ञाची नजर लागत नाही.

२७/३०
मग उपाय? १९९८ साली टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्र आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या वस्त्यांत एक चाचणी सुरू केली. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया, २० विभाग. निम्म्या विभागांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातांनी स्तनतपासणी करायची, अशा चार फेऱ्या; उरलेल्या विभागांत आरंभी आरोग्यशिक्षण. मॅमोग्राम नाही. दोन्ही गटांवर वीस वर्षे लक्ष ठेवले गेले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणीही याच चाचणीत होती, आणि तपासणी न मिळालेल्या गटाबद्दल पुढे नैतिक प्रश्नही विचारले गेले, हेही नोंदवायला हवे.

२८/३०
२०२१ साली निकाल प्रसिद्ध झाला. नियंत्रण गटात ४७ टक्के कर्करोग तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत सापडले, तर तपासणी मिळालेल्या गटात ३७ टक्के. एकूण मृत्यूंतील घट १५ टक्के होती, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरली नाही. ५० आणि त्यापुढील वयाच्या स्त्रियांत मात्र मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटल्याचे वेगळ्या विश्लेषणात दिसले. साठच्या दशकात न्यूयॉर्कच्या आकड्यांत दडून राहिलेले हाताचे मोल मुंबईच्या आरोग्यसेविकांनी पुन्हा सिद्ध केले. २०१६ च्या केंद्र सरकारच्या आराखड्यातही ३० वर्षांपुढील स्त्रियांसाठी हीच तपासणी सुचवली आहे.

२९/३०
म्हणून या इतिहासाचे तात्पर्य ‘यंत्र श्रेष्ठ की हात’ असे नाही. हात गाठ शोधतो, चित्र तिचा काठ दाखवते, सुई तिचे नाव सांगते. तिन्ही मिळून निदान पुरे होते. व्यवहारापुरते एवढे ध्यानात असावे : न दुखणारी गाठ, त्वचेवर खळगा किंवा संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा, नव्याने आत ओढलेले स्तनाग्र, त्यातून रक्तमिश्रित स्राव, काखेत गाठ. यांपैकी काहीही आढळले तर वाट पाहू नये. बहुतेक गाठी निरुपद्रवीच निघतात. ज्या निघत नाहीत त्यांच्या उपचारासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत तरतूद आहे. आणि लवकर आलेल्या पुष्कळ स्त्रियांचा स्तन आज काढावाही लागत नाही.

३०/३०
२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षी सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारे ९८ हजार दगावल्या. सालोमोन यांच्या चित्रांपासून आजच्या डिजिटल पडद्यापर्यंतचा साराच प्रवास रोगाला काही महिने आधी गाठण्याचा आहे. शंभर वर्षांच्या परिश्रमाने मिळवलेले ते महिने आपल्या घरांत संकोचापायी खर्ची पडू नयेत. हा धागा वाचून झाल्यावर आई, आजी, मावशी, वहिनी यांपैकी एकीला आज फोन करावा आणि एवढेच विचारावे : स्वतःची तपासणी कधी केलीस?

धागा समाप्त. उपयुक्त वाटल्यास पुढे पाठवावा.